ट्रायल्सची पात्रता म्हणजे ऑलिंपिकचे तिकीट नव्हे

अमेरिकेतला एखादा धावपटू ‘ऑलिंपिक ट्रायल्ससाठी पात्र’ ठरला, की तो ऑलिंपिकला निघाला असा समज अनेकदा होतो. शब्द सारखे असल्याने तो स्वाभाविकही आहे. मात्र ट्रायल्स (राष्ट्रीय निवड चाचणी) ही स्वतंत्र शर्यत असते आणि पात्रता मिळते ती फक्त त्या शर्यतीत उतरण्याची.

२०२४च्या मॅरेथॉन ट्रायल्ससाठी पात्रता वेळ (प्रवेशासाठी गाठायची कमाल वेळ) पुरुषांना २ तास १८ मिनिटे, तर महिलांना २ तास ३७ मिनिटे होती. अर्धमॅरेथॉनच्या वेळेवरही प्रवेश मिळत होता.

स्पर्धा परीक्षेत पूर्वपरीक्षा मुख्य परीक्षेचे दार उघडते; तिचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. इथेही तसेच. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी ऑरलँडोत झालेल्या ट्रायल्समध्ये सगळे पुन्हा शून्यापासून धावले. पुरुष व महिलांच्या ऑलिंपिक संघांत प्रत्येकी जास्तीत जास्त तीन जागा होत्या.

शिवाय पॅरिस ऑलिंपिकसाठीचा जागतिक निकष वेगळा होता: पुरुषांना २:०८:१०, महिलांना २:२६:५०. पुरुषांत तिसरे आलेले लिओनार्ड कोरिर यांनी तो गाठला नव्हता. जागतिक क्रमवारीमुळे त्यांची जागा काही महिन्यांनी पक्की झाली.

तरीही ट्रायल्सपर्यंत पोहोचणे ही अनेक वर्षांच्या सरावाची कमाई असते. तिचा मान तिच्या खऱ्या नावानेच व्हावा.