भंगारातले विमान

'स्वाट कॅट्स' ही हॅना-बार्बेरा या अमेरिकन संस्थेने काढलेली लढाऊ विमानांची कार्टून मालिका. ख्रिश्चन आणि इव्हॉन ट्रेम्ब्ले हे दोघे भाऊ तिचे जनक. 11 सप्टेंबर 1993 रोजी ती अमेरिकेत सुरू झाली आणि 6 जानेवारी 1995 रोजी आटोपली. भाग भरले पंचवीसच्या आतबाहेर. 'मेगाकॅट सिटी' हे मांजरांचे एक महानगर, त्याच्या रक्षणासाठी 'एन्फोर्सर्स' नावाचे सशस्त्र दल, त्या दलातून हाकललेले दोन वैमानिक आणि त्यांनी भंगारातून उभे केलेले एक विमान, एवढा तिचा संसार. अमेरिकेत ती बंद पडून चार महिने होतात न होतात तोच, 1 मे 1995 रोजी, कार्टून नेटवर्क भारतात आले आणि पुढे त्या वाहिनीवरून ही मालिका सोलापुरात पोचली. मायदेशी तिचे तेरावे उरकलेले होते. सोलापुरातल्या पोरांना ते कोणी कळवले नाही, म्हणून त्यांनी पुढची कित्येक वर्षे ती जिवंत धरली. त्या वाहिनीच्या आगमनाला 2025 साली तीस वर्षे झाली. तिच्यावरची विमाने कधीच उतरून गेली आहेत, तेव्हा हिशेब मांडायला हरकत नाही.

त्याआधीचा काळ लवकर उरकण्यासारखा आहे. दूरदर्शनवर 'ही-मॅन' होता. तलवार उंचावून तो दर भागात तेच करी. रविवारी सकाळी 'डकटेल्स' आणि 'जंगल बुक' आले. ते चांगलेच होते, पण त्यांत युद्ध नव्हते, आणि दहा वर्षांच्या मुलाला युद्ध हवे असते. युद्धाच्या कार्टूनांचा खरा मूळपुरुष 'जी. आय. जो.'. हॅस्ब्रो कंपनीची खेळणी खपावीत म्हणून 1983 साली पडद्यावर आलेल्या या अमेरिकन पलटणीने सगळे नियम घालून दिले. गोळ्यांऐवजी लेझर, आपला लाल, शत्रूचा निळा, म्हणजे कोण कोणाला चुकवतो आहे ते कळावे. विमान पडले की वैमानिक हवाई छत्रीने हमखास बाहेर. शेवटी मुलांना एक उपदेश, कधी आगीपासून लांब राहण्याचा तर कधी अनोळखी माणसाबरोबर न जाण्याचा. या पलटणीचे प्लास्टिकचे जवान फनस्कूल कंपनी गोव्याच्या कारखान्यात घडवत असे. ते मोठ्या दुकानांच्या काचेआड उभे असत आणि बहुतेक घरांतली मुले त्यांना काचेबाहेरूनच सलामी देत.

1991च्या जानेवारीत आखाती युद्ध दिसले, त्याच वर्षी स्टार आली, पुढच्या वर्षी झी. गल्लोगल्ली केबलवाले झाले. विजेच्या खांबावरून खांबावर काळ्या वायरी गेल्या आणि वाऱ्याने वायर हलली की चित्राला मुंग्या येऊ लागल्या. कार्टून नेटवर्क सुरुवातीला रात्री नऊपर्यंतच असे. ठोक्याला त्याच वाहिनीवर टीएनटीचे जुने हॉलिवूड सिनेमे सुरू होत. विमान हवेत, क्षेपणास्त्र सुटलेले, आणि अचानक कृष्णधवल पडद्यावर कोणीतरी टोपी काढून बाईला नमस्कार करतो आहे, हा धक्का त्या पिढीने पुष्कळदा खाल्ला.

1995 ते 2005 हे या मालिकेचे सोलापुरातले दशक. पहिली काही वर्षे ती इंग्रजीत होती, आणि कोणाचेही काही अडले नाही. पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, आजोळी कन्नड बोलणाऱ्या मुलाला आणखी एक न समजणारी भाषा जड नसते. 1999च्या सुमारास वाहिनीने हिंदी आवाज बसवले आणि शत्रू नेमका काय म्हणतो ते कळू लागले. कळण्यासारखे फारसे नव्हते. तो हसतच जास्त असे.

मालिकेची सगळी गंमत 'द रॅथ ऑफ डार्क कॅट' या भागात आलेल्या पूर्वकथेत आहे, आणि ती गंमत विमानाची नाही, भरपाईची आहे. चान्स आणि जेक हे एन्फोर्सर्सचे तरबेज वैमानिक. डार्क कॅट हा महाखलनायक त्यांच्या टप्प्यात आलेला. एवढ्यात दलाचा कमांडर फेरल मध्ये घुसतो: तुम्ही बाजूला व्हा, याला मी पाडणार. दोघे ऐकत नाहीत. फेरल स्वतःचे विमान त्यांच्या विमानावर घालतो, त्यांचे विमान भरकटते आणि थेट एन्फोर्सर्सच्या मुख्यालयावर जाऊन आदळते. डार्क कॅट अर्थातच निसटतो. चौकशी होत नाही. समिती नेमली जात नाही. इमारतीच्या नुकसानीचे बिल दोन वैमानिकांच्या नावावर फाडले जाते आणि ते फिटेपर्यंत त्यांनी लष्कराच्या भंगार अड्ड्यावर राबावे, असा हुकूम सुटतो.

इथे ही मालिका बाकी सगळ्या युद्ध-कार्टूनांपासून वेगळी झाली. 'जी. आय. जो.'ला कोणी कधी बिल दिले नाही. इथे नायकांच्या शौर्याचे मूळच एका थकबाकीत आहे. ते देशप्रेमाने लढत नाहीत, बापाच्या खुनाचा सूडही घ्यायचा नाही. दिवसभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि रात्री 'स्वाट कॅट्स' होऊन तळघरातले 'टर्बोकॅट' विमान काढायचे. बर्क आणि मरे नावाचे दोन टोणगे रोज गाडीभर भंगार आणून ओततात आणि वर टोमणे मारतात. त्याच भंगारातून जेक क्षेपणास्त्रे बनवतो. या क्षेपणास्त्रांची जात पाहावी: एक सिमेंट थुंकते, एक डांबर फेकते, एकाला करवतीची पाती आहेत, एकाला ऑक्टोपसासारखे हात. स्फोटके परवडत नाहीत म्हणून हाताशी असेल ते उडवायचे, हे तंत्र मागाला तारेने आवळून पाळी पुरी करणाऱ्या गिरणीतल्या जॉबरला शिकवावे लागत नाही. सोलापुरातल्या लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या याच दशकाच्या आगेमागे बंद पडल्या. हाताला कसब आणि डोक्यावर देणे, अशी माणसे घरोघर होती. त्यांची पोरे दुपारी टीव्हीसमोर बसून त्याच दोन गोष्टींचे विमान झालेले बघत होती.

आता हिशेबातली खोट. एक इमारत पडल्याचे बिल फेडायला दोघे भंगारात बसले; पुढे प्रत्येक भागात त्यांच्या पाठलागापायी निदान एक पूल, दोन मनोरे आणि रस्त्यावरच्या डझनभर गाड्या जातात. त्याचे बिल कोणालाच जात नाही, कारण चेहऱ्यावर मुखवटा आहे. टर्बोकॅटला इंधन कोण घालतो? भंगाराच्या अड्ड्याखाली विमानतळाएवढे तळघर खणताना निघालेली माती कुठे गेली? जेट विमानाचा आवाज शेजारी कोणाला येत नाही का? या प्रश्नांना मालिका शेवटपर्यंत हात लावत नाही. फेरल तर त्यांना पकडण्यासाठी जीव टाकतो, पण शहरात विमाने दुरुस्त करता येणारे आणि आपल्यावर दात असलेले दोघेजण आपणच भंगारात बसवले आहेत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. कमांडरपदाची परीक्षा कोण घेते, कळायला मार्ग नाही.

दलाची कार्यपद्धतीही ठरलेली. संकट आले की फेरल हेलिकॉप्टरांचा ताफा पाठवतो. हेलिकॉप्टरे पडतात. छत्र्या उघडतात. मग स्वाट कॅट्स येऊन काम निपटतात, आणि शेवटी फेरल त्यांच्यावर बेकायदा उड्डाणाचा ठपका ठेवतो. 1999च्या उन्हाळ्यात कारगिलमध्ये लढाई चालू होती. पाडलेल्या मिगमधून हवाई छत्रीने उतरलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा परत आले नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत युद्धकैदी झाले. बातम्या आणि कार्टून दोन्ही पाहणाऱ्या मुलांना छत्रीचा खरा भाव त्या वर्षी कळला.

महानगरपालिकेचे चित्रण हा मालिकेचा दुसरा ऐवज. महापौर मँक्स गोल्फ खेळतो, पाहुण्यांना हार घालतो, संकटाची चाहूल लागली की टेबलाखाली जातो. शहर चालवते ती उपमहापौर कॅली ब्रिग्ज. फायली तिच्याकडे, फोन तिच्याकडे, स्वाट कॅट्सना बोलावण्याचे यंत्रही तिच्याच पर्समध्ये. अमेरिकेत हे विनोद म्हणून लिहिले गेले असावे. रोज नळाला पाणी न येणाऱ्या शहरांत ते माहितीपट म्हणून पाहिले गेले.

या महापौराला एकदाच लढावे लागते, 'द घोस्ट पायलट' या पहिल्या हंगामातल्या भागात. विनोदासाठी मालिकेतला एकच भाग ठेवायचा झाला तर तो हाच. कल्पना पहिल्या महायुद्धातल्या जर्मन 'रेड बॅरन'वरून उचललेली. 'मेगावॉर दोन' नावाच्या जुन्या युद्धात रेड लिंक्स हा शत्रूचा नामांकित वैमानिक मारला गेला. त्याला पाडणारा शूर गडी ब्लू मँक्स. आता रेड लिंक्सचे भूत उठते आणि सूड घ्यायला वंशज शोधते. वंशज म्हणजे आपले गोल्फवाले महापौर. पूर्वजाचा पराक्रम सांगून आयुष्यभर मिरवलेला माणूस, आणि आता त्या पराक्रमाची वसुली दारात उभी. भुताला सिमेंट चिकटत नाही, करवत लागत नाही. मँक्स घराण्यातलाच कोणी त्याला पाडू शकेल असे निष्पन्न होते, आणि मग ओरडणाऱ्या, डोळे मिटलेल्या महापौरांना विमानात कोंबून आकाशात न्यावे लागते. कळ त्यांनीच दाबायची. ती ते दाबतात. घराण्याच्या नावावर निवडून येणाऱ्यांकडून वेळ आल्यावर घराण्याचे काम करून घ्यावे, ही या भागाची सूचना अजून कोणी मनावर घेतलेली नाही.

उपदेश मात्र कुठेच नाही. 1997पासून 'शक्तिमान' येई आणि खलनायक आटोपला की दात घासण्यापासून खरे बोलण्यापर्यंत शिकवणी घेई. आईवडिलांचा ओढा साहजिकच तिकडे. 'स्वाट कॅट्स' पाहून पोरे मारकुटी होतात, अशी तक्रार त्या काळी सर्रास ऐकू येई. याच घरांत रात्री मालिकांमधल्या सासवा सुनांच्या दुधात काय काय कालवत आणि ते सहकुटुंब पाहिले जाई. सिमेंटचे क्षेपणास्त्र त्या मानाने निरुपद्रवी म्हणावे लागेल.

टर्बोकॅटचे खेळणे इकडच्या बाजारात आले नाही. त्यामुळे जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेत मिळणारे कोणतेही प्लास्टिकचे जेट टर्बोकॅट ठरे. चाक निखळले की ते अधिकच खरे वाटे, कारण मूळ विमानही भंगाराचेच.

दशकाच्या उत्तरार्धाबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. 2001 साली वाहिनी चोवीस तासांची झाली. 2004च्या 1 जानेवारीला पोगो आली. मग भोवरे आपटणारी जपानी मुले आली. 2005च्या पुढे भारनियमनाने वेळापत्रकाचा ताबा घेतला. जो भाग वीज असताना लागेल तो पाहायचा. स्वाट कॅट्स कधी बंद झाले हे कोणाच्याच लक्षात राहिले नाही. 2008 साली 'छोटा भीम' सुरू झाला आणि शक्ती लाडवात गेली. 2012 साली मोटू-पतलू आले आणि ती समोशात गेली. ही कार्टूने देशी आहेत, मुलांना आवडतात, हे मान्य. पण खाल्ले की ताकद येते ही गोष्ट मुलांना आधीच ठाऊक होती, घरचे रोज सांगत होते. पाना कसा धरावा, बिघडलेल्या वस्तूतून दुसरी वस्तू कशी निघते आणि वरिष्ठाची चूक आपल्या पगारातून कशी कापली जाते, हे सांगणारे कार्टून त्यानंतर आलेले नाही.

सोलापूरच्या खऱ्या विमानाचीही गोष्ट याच धर्तीची. मेगाकॅट सिटीच्या आकाशात रोज स्वनातीत जेट सुटत असताना त्या दशकात होटगी रस्त्याच्या विमानतळावर नियमित प्रवासी विमान नव्हते. पुढे अडचण निघाली ती सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीची. तिच्या बाजूने आणि विरुद्ध अनेक वर्षे आंदोलने, कज्जे, सुनावण्या झाल्या. 15 जून 2023 रोजी ती स्फोटकांनी पाडली गेली. करवतीच्या क्षेपणास्त्राने ते काम जाहिरातीच्या आधी झाले असते. 9 जून 2025 रोजी गोव्याचे प्रवासी विमान सुरू झाले. ते पंख्याचे आहे.

ट्रेम्ब्ले बंधूंनी 2015 साली लोकवर्गणी काढून मालिका पुन्हा आणण्याचा घाट घातला. पुढे त्यात तिरुवनंतपुरमच्या टून्झ कंपनीचे नाव आले. नवे भाग अजून पडद्यावर आलेले नाहीत. आलेच, तर निर्मात्यांनी त्यांना मराठी आवाज द्यावा, आणि फेरल सोडून बाकी सगळ्यांना सोलापुरी बोलू द्यावे. फेरलला शासकीय मराठी द्यावे. म्हणजे त्याने हुकूम दिला तरी कोणाला कळणार नाही आणि कामे वेळेवर होतील.