विश्लेषण : ‘जीटीए ऑनलाइन’ उघडायला सहा मिनिटे का लागत? एका खेळाडूने चूक कशी हुडकली?

प्रोग्रामरचे काम म्हणजे कोड लिहिणे, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात त्याचा बराच वेळ लिहिलेल्या कोडमधील चूक शोधण्यात, म्हणजे ‘डिबगिंग’मध्ये जातो. व्हिडीओ गेममध्ये तर चित्र, आवाज, नेटवर्क आणि खेळाडूची बटणे हे सारे सेकंदाला ३० ते ६० वेळा एकमेकांशी जुळवावे लागते. त्यात चूक नेमकी कुठे आहे हे कळणेच कठीण. मात्र योग्य अवजार हाती असेल तर गेमचा मूळ कोड न पाहताही ती सापडू शकते, हे २०२१ मध्ये दिसून आले.

नेमके प्रकरण काय?

रॉकस्टार कंपनीचा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ २०१३ मध्ये प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर आणि २०१५ मध्ये पीसीवर आला. तो सुरू होईपर्यंत चहा करून यावा, अशी त्याची ख्याती. टोपणनावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रामरने फेब्रुवारी २०२१ मध्ये याचा छडा लावला. त्याच्या जुन्या पीसीवर एकट्याने खेळायचा भाग १ मिनिट १० सेकंदांत उघडे, ऑनलाइन भागाला मात्र ६ मिनिटे लागत. त्याने विंडोजचा टास्क मॅनेजर पाहिला. पहिल्या मिनिटानंतर डिस्क थंड, नेटवर्क थंड, ग्राफिक्स कार्ड थंड. प्रोसेसरचा फक्त एक कोअर चार मिनिटे पूर्ण क्षमतेने राबत होता. याचा अर्थ गेम सर्व्हरची वाट पाहत नव्हता, स्वतःच कशात तरी गुंतला होता.

‘प्रोफायलर’ने काय दाखवले?

डिबगर हे अवजार प्रोग्राम थांबवून आत काय चालले आहे ते दाखवते. प्रोफायलर वेगळा. तो चालू प्रोग्राममध्ये ठरावीक अंतराने डोकावतो आणि त्या क्षणी कोणते काम सुरू आहे याची नोंद ठेवतो. हजारो नोंदींत एकाच कामाचे नाव वारंवार आले, की वेळ कुठे जातो हे उघड होते. इथे दोन कामे सापडली.

पहिले, सुमारे १० एमबीची एक मजकूर फाइल वाचण्याचे. गेममध्ये विकत घेता येणाऱ्या वस्तूंची ती यादी होती, सुमारे ६३ हजार नोंदींची. वाणसामानाची लांबलचक यादी वाचताना प्रत्येक शब्दाआधी उरलेल्या यादीत किती अक्षरे आहेत हे शेवटपर्यंत मोजून यायचे, मग तो एक शब्द वाचायचा, पुन्हा मोजायला जायचे. गेम हेच करत होता. वाचनासाठी वापरलेले तयार फंक्शन आतल्या आत दर वेळी मजकुराची लांबी मोजत असे.

दुसरे काम याहून निरर्थक. प्रत्येक नवी वस्तू आधी नोंदलेली नाही ना, हे मागच्या सगळ्या वस्तूंशी एकेक करून ताडले जाई. ६३ हजार वस्तूंसाठी या तुलना सुमारे १९८ कोटींवर जातात, आणि यादीत मुळात एकही वस्तू दोनदा नव्हती! या प्रोग्रामरने दोन्ही ठिकाणी छोटे ठिगळ लावले. फक्त दुसरी चूक दुरुस्त केल्यावर वेळ साडेचार मिनिटांवर आला, दोन्ही केल्यावर १ मिनिट ५० सेकंदांवर.

कंपनीला हे दिसले कसे नाही?

मार्च २०२१ मध्ये रॉकस्टारने चूक मान्य करून सुधारित आवृत्ती दिली आणि शोधणाऱ्याला १० हजार डॉलरचे बक्षीस दिले. एरवी ते सुरक्षेतील त्रुटींसाठी असते. मूळ कोड हाती असलेल्या कंपनीला प्रोफायलर लावणे या बाहेरच्या माणसापेक्षा कितीतरी सोपे होते. मग राहून का गेले? अशा चुकांचा स्वभाव पाहता एक कारण संभवते. यादी दुप्पट झाली की हे काम चौपट होते. शंभर-दोनशे वस्तू असताना ते क्षणात उरकते आणि चाचणीत कोणाला शंकाही येत नाही. पुढे वस्तू वाढत जातात, गेम थोडा थोडा मंदावतो आणि ‘ऑनलाइन आहे, वेळ लागणारच’ यावर सगळ्यांचा विश्वास बसतो. गेम बंद पडला असता तर चूक आठवड्यात सापडली असती. तो फक्त उशिरा उघडत होता.

अवजारेच तोकडी पडली तर?

असेही होते. ‘क्रॅश बँडिकूट’ हा प्लेस्टेशनवरील गेम १९९६ मध्ये यायच्या बेतात असताना मेमरी कार्डवर खेळ साठवताना कधीतरी सगळा डेटाच खराब होई. कधी होईल याचा नेम नाही, त्यामुळे नेमक्या ओळीवर बोट ठेवणे अवघड. प्रोग्रामर डेव्ह बॅगेट यांनी मग जुनाच मार्ग धरला. गेमचा एकेक भाग काढून टाकायचा आणि चूक अजून होते का ते पाहायचे. शेवटी जवळपास फक्त कार्डवर लिहिणारा कोड उरला, तरी चूक कायम! उरलेल्या कोडमधील एक ओळ यंत्राचा टायमर नेहमीपेक्षा वेगाने, सेकंदाला हजार ठोक्यांवर चालवत होती. त्या वेगात कंट्रोलरची बटणे दाबली, तर त्याचा विद्युत गोंधळ शेजारच्या मेमरी कार्डच्या संकेतांत मिसळत होता. दोष कोडचा नव्हता, हार्डवेअरचा होता. विकले गेलेले प्लेस्टेशन बदलणे शक्य नसल्याने कोडलाच पड खावी लागली. कार्डवर लिहिण्याआधी टायमर नेहमीच्या वेगावर आणायचा आणि लिहून झाले की पुन्हा वाढवायचा.