जबलपूर ते मुंबई : अंतर आणि अवधी

७ मार्च १८७० रोजी मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग कलकत्त्याकडून आलेल्या मार्गास जबलपूर मुक्कामी जोडला गेला, तेव्हापासून या दोन शहरांमधील अंतर म्हणजे कसारा घाट चढून, भुसावळ-खंडव्यावरून इटारसीस व तेथून नर्मदेच्या खोऱ्याने जाणारे सुमारे ९९० किलोमीटर, हाच हिशेब प्रवाशांच्या अंगवळणी पडला. जबलपूरच्या डुमना विमानतळावरून सरळ रेषेत मोजले, तर तेच अंतर सुमारे ८७० किलोमीटर भरते. मात्र आगगाडीस पंधरा-सोळा तास लागतात, तर विमानास पावणेदोन तासांच्या आसपास.

यातही सर्व वेळ उड्डाणाचा नसतो. धावपट्टीपर्यंतचे सरकणे, उंची गाठणे व उतरणे यांत बराच काळ जातो, आणि तो अंतर वाढले म्हणून फारसा वाढत नाही. म्हणूनच जोहान्सबर्ग ते केपटाऊन हे सुमारे १,२७० किलोमीटरचे अंतर जवळजवळ दीडपट असूनही विमान तेथे सव्वादोन तासांच्या आतबाहेरच पोहोचते. शिवाय हिवाळ्यात उंचावरील पश्चिमी वारे जबलपूरकडे येणाऱ्या विमानास साहाय्य करतात व मुंबईकडे जाणाऱ्यास अडवतात. तेव्हा प्रवासाची तजवीज करताना नकाशावरील अंतरापेक्षा वेळापत्रकातील अवधीच प्रमाण मानावा.