तळ्यांतील कमळांस खत कसें द्यावें

तळ्यांतील कमळांचीं नवीं पानें लहान पडूं लागलीं, जुनीं अकालीं पिवळीं झालीं व कळ्या कमी येऊं लागल्या, म्हणजे झाड बहुधा उपाशी आहे असें समजावें. अशा वेळीं पाटीभर शेण पाण्यांत लोटण्याचा मोह पुष्कळांस होतो. परिणाम असा होतो कीं, थोड्याच दिवसांत पाणी हिरवें होतें आणि कमळें होतीं तशींच राहतात. ह्याचें कारण आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. कमळ आपलें अन्न मुख्यत्वें मुळांवाटे चिखलांतून घेतें. शेवाळ तें पाण्यांतून शोषतें. म्हणून चिखलांत राहिलेलें खत कमळाचें, व पाण्यांत उतरलेलें शेवाळाचें.

मालवणच्या बाजूस हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. इ. स. १५३० मधील धामापूरच्या तलावास २०२० सालीं जागतिक वारसा सिंचनवास्तूचा मान मिळाला, तो शेतीच्या पाण्याकरितांच होय. परसांतील लहान तळेंहि माडांस व भाजीपाल्यास उपयोगी पडतें. त्यांत शेवाळ दाट माजलें, तर तें रात्रीं पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतें व पहांटेस मासे मरतात.

ह्यास्तव कमळ रुंद कुंडींत, भाताच्या खाचरांतील जड चिकण मातींत लावावें. पूर्ण कुजलेलें शेणखत व थोडा हाडांचा चुरा चिकण मातीच्या गोळ्यांत कोंडून ते सुकवावे. पानें पाण्याबाहेर उभीं राहूं लागल्यावर, कंदास धक्का न लावतां, एक गोळा कुंडीच्या कडेनें चार-सहा बोटें खोल खुपसावा व वर वाळूचा थर द्यावा. पुढील गोळा महिन्यानें, पानें पाहून द्यावा. झाड विसावूं लागलें कीं खत बंद करावें. युरिया किंवा सुपर फॉस्फेट पाण्यावर कधींहि फेंकूं नये.

आणखी दोन गोष्टी आम्ही सुचवितों. जांभ्या मातींतील लोह स्फुरदास धरून ठेवतें. परंतु तळाशीं पाला कुजून प्राणवायु संपला, कीं तो स्फुरद पुन्हां पाण्यांत सुटतो. यासाठीं वाळलेलीं पानें वरचेवर काढून खताच्या खड्ड्यांत टाकावीं. तसेंच मृगापूर्वीं तळ्याच्या वरच्या अंगास चर खणून गोठ्याचें व बागेचें वाहतें पाणी बाहेरून वळवावें. कमळाच्या पानांनीं निम्मा पृष्ठभाग झांकला, म्हणजे खालीं ऊन कमी पोंचून शेवाळाचा जोर आपोआप ओसरतो. ह्या कामीं खर्च थोडा आहे. हवी ती वेळच्या वेळीं निगा.