नव्या रंगाचा वास आणि घरातील हवा

चतुर्थी महिन्यावर आली की गोव्यातील घराघरांत रंगकामाची लगबग सुरू होते. पावसाने भिंतींवर धरलेले शेवाळ खरवडले जाते, लांबी भरली जाते, दारे-खिडक्यांना ऑइलपेंट लागतो, जुन्या कपाटावर पॉलिशचा हात फिरतो. गणपती ज्या खोलीत विराजमान होणार, ती खोली तर नवीकोरी दिसायलाच हवी. या दिवसांत उंबरठा ओलांडताच येणारा उग्र वास आपल्याला सणाचाच एक भाग वाटू लागला आहे. हा वास म्हणजे नेमके काय, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

वास येतो, याचा अर्थ त्या पदार्थाचे सूक्ष्म कण हवेत मिसळून आपल्या नाकापर्यंत पोहोचलेले असतात. कार्बनयुक्त असे अनेक पदार्थ खोलीच्या साध्या तापमानालाही सहज वाफ होऊन उडतात. त्यांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे किंवा थोडक्यात ‘व्हीओसी’ म्हणतात. ऑइलपेंट पातळ करण्यासाठी घातलेला थिनर रंगासोबत भिंतीवर राहत नाही. रंग वाळताना थिनर उडून जातो. टोल्युइन, झायलिन यांसारखी द्रव्ये अशा प्रकारे डब्यातून निघून थेट खोलीच्या हवेत येतात. नव्या प्लायवूडचे थर जोडण्यासाठी वापरलेल्या रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड वायू कित्येक महिने हळूहळू सुटत राहतो. कपाटातील डांबरगोळी दिवसेंदिवस लहान होत जाते, तेव्हा तिचा नाहीसा झालेला भागही हवेतच गेलेला असतो.

अशी सर्वच संयुगे विषारी असतात, असे नाही. मोगऱ्याचा सुगंध आणि संत्र्याच्या सालीचा दरवळ ही देखील याच कुळातील द्रव्ये होत. संयुग कोणते, हवेत त्याचे प्रमाण किती आणि श्वासावाटे ते किती काळ शरीरात गेले, यावर अपाय अवलंबून असतो.

आपल्याकडील रंगकामाचा काळ नेमका इथेच अडचणीचा ठरतो. बाहेर पाऊस, आत ओल. त्यामुळे खिडक्या बंद. दमट आणि उबदार हवेत प्लायवूडमधून फॉर्मल्डिहाइड अधिक सुटतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1980 च्या दशकात केलेल्या पाहणीत, नेहमी आढळणाऱ्या सुमारे डझनभर सेंद्रिय प्रदूषकांचे प्रमाण घराबाहेरच्यापेक्षा घरात 2 ते 5 पट अधिक आढळले. घर खेड्यात असो वा औद्योगिक पट्ट्यात, हे चित्र बदलले नाही. जुना रंग रसायनाने काढताना आणि त्यानंतरचे काही तास तर हे प्रमाण बाहेरच्या नेहमीच्या पातळीच्या हजार पटींपर्यंत जाऊ शकते.

डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके दुखणे, मळमळणे ही याची लगेच जाणवणारी लक्षणे. दमेकऱ्यांचा त्रास यामुळे बळावू शकतो. दीर्घकाळच्या संपर्काचे परिणाम अधिक गंभीर असतात. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिन आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन्ही द्रव्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवली आहेत. याच संस्थेने 1989 मध्ये रंगाऱ्याच्या व्यवसायालाही त्याच गटात स्थान दिले. आपण आठवडाभर सोसतो तो वास रंगारी वर्षभर सोसत असतो.

डांबरगोळ्यांविषयी एक वेगळी सूचना आवश्यक आहे. काही बालकांच्या शरीरात जन्मतःच जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थॅलीनच्या संपर्काने फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. म्हणून डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी-कपडे तान्ह्या बाळासाठी वापरू नयेत.

खिडकीतून बाहेर गेलेली ही संयुगे तिथेही स्वस्थ बसत नाहीत. वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांशी उन्हात त्यांची प्रक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसवर दाटणाऱ्या धुरक्याचे हे रहस्य मूळचे डच असलेले रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी उलगडले. उंच आकाशातील ओझोन आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना इजा करतो आणि पिकांची पानेही करपवतो. भारताच्या 2009 च्या हवा गुणवत्ता मानकांत ओझोन आणि बेंझिन या दोहोंचा समावेश आहे. बेंझिनची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅम आहे. मात्र ही मानके मोकळ्या हवेसाठी आहेत. आपल्या खोलीतील हवेची राखण आपल्यालाच करावी लागते.

ती करणे अवघड नाही. रंगकाम शक्यतो पावसाळ्यापूर्वीच उरकावे. ते जमले नाही, तर निदान सणाच्या तोंडावर ठेवू नये. भिंतींसाठी पाण्यात मिसळणारे, कमी व्हीओसी असलेले रंग निवडावेत. पाऊस थांबेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळू द्यावा आणि पंख्याचा झोत बाहेरच्या दिशेने ठेवावा. गर्भवती, तान्ही मुले, दमेकरी आणि वृद्ध यांना त्या खोलीत काही दिवस झोपवू नये. उरलेल्या थिनरचा डबा घट्ट बंद करून राहत्या खोल्यांपासून दूर ठेवावा.

वास मारण्यासाठी अगरबत्ती किंवा सुगंधी फवारा वापरल्याने हवा शुद्ध होत नाही, उलट त्यात नव्या संयुगांची भर पडते. खोलीत दोन-चार कुंड्या ठेवण्याचा उपायही फारसा उपयोगी नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, खिडकी उघडण्याइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला किमान 10 झाडे लागतील! आणि केवळ नाकावरही विसंबू नये. काही वेळाने नाक वासाला सरावते, पण म्हणून वायू नाहीसा झालेला नसतो.

सणासाठी घर उजळावे, यात शंका नाही. ते उजळवणाऱ्या रंगाऱ्यालाही चांगला मास्क आणि उघडी खिडकी मिळायला हवी. आपले काम आटोपले की तो दुसऱ्या घरी, पुन्हा त्याच हवेत श्वास घ्यायला जाणार असतो.