बाल्कनीत फुलं भरपूर, मग दुधी का लागत नाही?

होळी जवळ आली की नर्सरीत गर्दी वाढते. पिटुनिया, डेलिया, पॅन्सीच्या रंगीत कुंड्या अगदी समोर मांडलेल्या असतात आणि हात आपोआप तिकडेच जातो. जरा थांबा. ही सगळी थंडीची फुलं आहेत. दिल्ली असो की इंदूर, नागपूर असो की हैदराबाद, एप्रिलचं ऊन लागलं की ती माना टाकतात. बंगळुरूच्या सौम्य हवेत अजून काही आठवडे टिकतील, एवढंच. त्यापेक्षा तेच पैसे अशा रोपांवर खर्च करा, जी उन्हाळा काढतील आणि तुमच्या बाल्कनीत मधमाश्यांना घेऊन येतील.

मधमाश्या कशाला, असं वाटत असेल तर एक नेहमीची तक्रार आठवा. वेल छान वाढला, फुलंही आली, बोटभर दुधी दिसला आणि चार दिवसांत पिवळा पडून गळून गेला. मग खत वाढवलं जातं, पाणी वाढवलं जातं. खरं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं. त्या फुलापर्यंत पराग पोहोचलेलाच नसतो.

नर फूल, मादी फूल

दुधी, भोपळा, काकडी, कारलं, दोडका या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात, त्यामुळे पहिली फुलं गळली तर काळजी नको. मादी फूल ओळखणं सोपं आहे. त्याच्या मागे देठाशी इवलंसं फळ असतं. नर फुलामागे नुसता देठ.

सातव्या-आठव्या मजल्यावर किंवा आजूबाजूला झाडं नसलेल्या वस्तीत माश्या कमी येतात. तिथे हे काम आपणच करायचं. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि आतला परागाने भरलेला भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. वेळ मात्र सांभाळा. भोपळा, काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी. सकाळी आठला दुधीच्या कोमेजलेल्या फुलाशी खटपट करून काही उपयोग नाही. घरात लहान मुलं असतील तर हे काम त्यांना द्या. विज्ञानाच्या पुस्तकातलं परागीकरण त्यांना पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

टोमॅटो, मिरची आणि वांग्याचं जरा वेगळं आहे. त्यांच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात. फक्त पराग झडायला फूल हलावं लागतं. काळा भुंगा फुलाला लटकून जोरात गुणगुणतो, तेव्हा तो नेमकं हेच करत असतो. भुंगा येत नसेल तर सकाळी फुलांच्या देठावर बोटाने दोन टिचक्या मारा.

पाहुण्यांसाठी काय लावायचं?

सुरुवात घरातल्या तुळशीपासून करा. मंजिऱ्या आल्या की आपण लगेच खुडतो, कारण खुडल्याने रोप दाट होतं. पण चार-पाच मंजिऱ्या राहू द्या. त्या बारीक फुलांवर माश्या किती येतात ते बघाच. कोथिंबीर, बडीशेप आणि मोहरीचंही तसंच. सगळी जुडी कापून न टाकता दोन रोपांना फुलायला ठेवा. बियाणं तर स्वयंपाकघराच्या डब्यातच आहे. मात्र धने पेरण्याआधी हलके रगडून दोन भाग करायला विसरू नका.

बियांपासून झिनिया, कॉसमॉस आणि सूर्यफूल आत्ता लावलं तर साधारण दोन महिन्यांत फुलतं. इथे एक गोष्ट माझ्या मते महत्त्वाची आहे: एकेरी पाकळ्यांची जात निवडा. गच्च भरलेला टपोरा झेंडू हारात देखणा दिसतो, पण माशीला त्याच्या आत शिरायला वाट नसते. चिनी गुलाब, म्हणजे आपलं ऑफिस टाइम, कडक उन्हात खुशाल राहतं आणि शेजारणीकडून आणलेल्या काडीवरही लागतं.

कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप असेल तर त्यावर अळ्या दिसतील. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. ही फुलपाखरांची पिल्लं. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. थोडी पानं त्यांना खाऊ द्या, फोडणीपुरती तुम्हाला उरतील. गुलाबाच्या पानाला कडेने कुणी कात्रीने गोल तुकडा कापल्यासारखं दिसलं तर तेही रोग नाही. पानं कापून घरटं करणाऱ्या एका माशीचं ते काम आहे.

रिकामे डबे, फुटक्या बादल्या

नवीन कुंड्या महाग पडतात आणि घरात अर्धं सामान तयारच असतं. फक्त डबा निवडताना खोली बघा. मेथी, कोथिंबीर आणि चिनी गुलाबाला सहा इंच पुरे. टोमॅटो, वांग्याला निदान एक फूट हवं. दुधीला वीस लिटरची बादली किंवा पाण्याचा मोठा जार लागतो. पाच लिटरचा तेलाचा कॅन आडवा कापला की पालेभाजीचा वाफा होतो. दुधाच्या पिशव्या स्वच्छ धुऊन रोपं तयार करायला वापरा.

तळाला पेन्सिलीएवढी पाच-सहा भोकं हवीतच. त्यात टाळाटाळ केली की मुळं कुजतात. पत्र्याला खिळा-हातोडी चालते, प्लॅस्टिकला गरम केलेला स्क्रू-ड्रायव्हर. तेव्हा खिडकी उघडी ठेवा, धुराचा वास वाईट असतो. पत्र्याचा डबा उन्हात तव्यासारखा तापतो, म्हणून आतून गोणपाट लावा, बाहेरून चुना फासा आणि डबा दोन विटांवर ठेवा. रंगाचे किंवा केमिकलचे डबे खाण्याच्या भाजीसाठी नकोतच.

माती, कंपोस्ट आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात घ्या. नुसती माती जड होते. ओल्या मातीने भरलेली वीस लिटरची बादली पंचवीस-तीस किलोंपर्यंत जाते, म्हणून ती रेलिंगवर किंवा कठड्यावर कधीही नाही, भिंतीलगत जमिनीवरच.

संक्रांतीची सुगडं माळ्यावर पडून असतील तर खाली काढा. न रंगवलेलं सुगड कुंडीत गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि वर झाकण ठेवा. पाणी हळूहळू झिरपून थेट मुळांशी जातं. मे महिन्यात दोन दिवस गावाला गेलात तर याचं मोल कळेल. तेवढ्यासाठी मात्र एक सुगड पुरणार नाही, मोठ्या कुंडीत मडकंच पुरा.

फवारणी करताना

मावा दिसला की आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून बघा. गेला नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब लिक्विड सोप घालून सूर्यास्तानंतर फवारा, उमललेली फुलं टाळून. दुकानातलं जालीम कीटकनाशक मावा मारेल आणि माशीही मारेल. मग पुन्हा दुधी गळायला लागेल.

माश्या डसतील या भीतीने घरातले ज्येष्ठ नाही म्हणत असतील, तर त्यांना सांगा की फुलावर बसलेली माशी आपल्या कामात असते. ती चिरडली किंवा हाताने झटकली तरच डसते. ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे, त्यांनी मात्र या कुंड्यांपासून लांबच राहावं. इमारतीला आग्या मोहोळ लागलं असेल तर धूर किंवा दगड नको, जाणकाराला बोलवा.

उन्हाळ्यात माश्यांना पाणीही लागतं. मातीच्या ताटलीत खडे पसरा आणि खड्यांची डोकी वर राहतील एवढंच पाणी घाला, खोल पाण्यात त्या बुडतात. ताटली सावलीत ठेवा आणि पाणी रोज सकाळी बदला, नाहीतर डास होतील.