जुन्या गाडीचा रंग जुळवताना

भिंतीवरचे जुने कॅलेंडर काढले की त्याच्यामागे एक गडद चौकोन दिसतो. तो पाहून आपण म्हणतो, ‘‘अरे, भिंतीचा खरा रंग हा होता तर!’’ पण तुम्ही त्या खोलीत दहा वर्षे बसलात-उठलात ती कोणत्या रंगात? चौकोनाच्या बाहेरच्याच ना? मग खरा रंग कोणता मानायचा? प्रश्न पोरकट वाटेल, पण याच प्रश्नापायी माझ्या घरच्या मोटारीचे एक दार वाया गेले होते. म्हणून आज त्याविषयीच चार गोष्टी सांगतो.

मोटार वडिलांची, प्रीमियर पद्मिनी. पण घरात सगळे तिला ‘फियाट’च म्हणत आले. रंग फिकट निळा, आणि अंगावरचा सगळा रंग कारखान्यातला. बैलगाडीच्या जुवाचे टोक लागून तिच्या मागच्या दाराला पोचा पडला, वीतभर रंग उडाला. तालुक्याच्या गावी एका गॅरेजवाल्याने रंगाचा नंबर पाहून डबा आणला, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली दार रंगवले आणि मलाही ते छान वाटले. सकाळी अंगणात पाहतो, तर दार दुसऱ्याच गाडीचे! मी तक्रार केली, तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, सगळी गाडीच मारून घ्या ना, एकसारखी होईल.’’ हा सल्ला तुम्हांलाही कोणीतरी देईल. घाई करू नका. कारखान्यातला रंग एकदा खरवडून काढला की तो गेला. पैसे टाकून तो परत मिळत नाही.

गॅरेजवाल्याचा नंबर चुकला नव्हता. नंबर सांगतो तो कारखान्यातून निघालेल्या दिवशीचा रंग. त्यानंतर गाडीने उन्हाळे काढले, त्याचा हिशेब डब्यात नसतो.

ऊन काय करते ते आधी पाहू. रंगात दोन मुख्य वस्तू असतात: एक रंगाची भुकटी आणि दुसरे तिला धरून ठेवणारे बंधक. बंधक म्हणजे तेल-राळेसारखा, सुकून कडक होणारा पदार्थ. उन्हातले अतिनील किरण या बंधकाला हळूहळू तोडतात. ते झिजले की भुकटी उघडी पडते, आणि बोनेटवरून हात फिरवला तर बोटांना खडूसारखी पूड लागते. फिकट रंगांत टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी भुकटी असते. ती स्वतःच उन्हात बंधकाचे तुकडे पाडायला मदत करते. म्हणून फिकट निळ्या, फिकट हिरव्या गाड्या अशा धुरकटतात. दुसरा प्रकार वेगळा. त्यात भुकटीचाच रंग उडतो. पूर्वीचे कित्येक भडक लाल रंग असेच उडत. उलट गेरू, म्हणजे लोखंडाचा गंज, उन्हाला दाद देत नाही. देवळाच्या पायरीवरचा गेरू पावसाने धुपतो, पण उन्हाने विटत नाही.

आपल्या गाडीचा प्रकार कोणता, हे ओळखायला यंत्र नको. शिक्षकांना तर हे चटकन पटेल. दगडी पाटी सुकी असताना करडी दिसते, ओले फडके फिरवले की काळीभोर होते. दगड बदललेला नसतो. पाण्याने पृष्ठावरच्या खाचा भरल्या, म्हणून प्रकाश विखुरणे थांबले. तसेच गाडीवर ओले बोट फिरवा. मूळ रंग उजळून वर आला, तर पीडा वरवरची आहे. आला नाही, तर भुकटीच उडाली आहे.

म्हणून पहिले काम रंग आणण्याचे नव्हे, गाडी धुण्याचे. पोच्याच्या आजूबाजूचा भाग धुऊन रबिंग कंपाउंडने हलक्या हाताने घासा आणि पूड काढा. पण बेताने! कारखान्यातल्या रंगाचे सारे थर मिळून जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, आणि कडांवर त्याहून कमी. आता जो रंग दिसतो, तो जुळवायचा. पेट्रोलच्या झाकणाआड किंवा दाराच्या रबराखाली दिसणारा गडद रंग जुळवू नका. तो कॅलेंडरमागचा चौकोन आहे. टपावरचाही नको, कारण टप आणि बोनेट ऊन झेलतात, दारे कमी झेलतात. एकाच गाडीवर असे तीन-चार निळे असतात. ज्याच्या शेजारी ठिगळ बसायचे, तो निळा आपला.

दुसरी चूक ट्यूबलाइटची. साडीवर ब्लाऊजपीस जुळवताना बायका कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर का येतात? वेगवेगळ्या भुकट्यांचे दोन रंग एका प्रकाशात जुळे दिसतात आणि दुसऱ्यात सावत्र. रंग जुळवायचा तो दिवसा, उघड्यावर, पण सावलीत. समोरून पाहायचा आणि तिरपाही पाहायचा.

माझे दार शेवटी एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने सुधारले. त्यांनी आधी आतल्या कोपऱ्यात थिनरचा कापूस घासला. कापसाला रंग लागला असता, तर ते म्हणाले असते ‘डुको’. हा शब्द आपल्याकडे रंगाऱ्यांच्या तोंडी रुळला आहे, पण मूळचा तो अमेरिकेतल्या ड्यूपॉंट कंपनीच्या झटपट सुकणाऱ्या रंगाचे नाव. 1923 साली तो मोटारींवर आला, त्याआधी गाडीचा रंग सुकायला दिवसच्या दिवस लागत. (मी इतिहास शिकवतो, तेव्हा एवढे विषयांतर चालवून घ्या.) ही चाचणी वगळू नये. जुन्या रंगाला न मानवणारे थिनर वर पडले, तर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारख्या सुरकुत्या पडतात.

मग त्यांनी नंबरचाच रंग एका वाटीत मोजून घेतला. उरलेला डबा झाकून ठेवला. वाटीत थोडा पांढरा टाकला, मग काडीच्या टोकाने पिवडीसारखा मळकट पिवळा. काळ्याला हात लावला नाही. ‘‘काळ्यानं रंग मरतो, म्हातारा होत नाही,’’ असे ते म्हणाले. निळ्याचा भडकपणा कमी करायला त्यांनी नारिंगीचा एक थेंब घातला, कारण निळा आणि नारिंगी एकमेकांना शमवतात. प्रत्येक थेंब कागदावर लिहिला. दर वेळी पत्र्याच्या तुकड्यावर फवारा मारून, पूर्ण सुकवून, मगच दाराशी धरला. ओला रंग आणि सुकलेला रंग एक नसतो. अशा सात पत्र्या झाल्या. हल्ली मोठ्या दुकानांत रंग मोजणारे यंत्र असते. त्याने सुरुवात चांगली होते, पण धुरकट, उन्हाने खाल्लेल्या पत्र्यावर शेवटचा निवाडा डोळ्यानेच करावा लागतो.

आणि डोळ्याची एक खोड ध्यानात ठेवा. रंगातला बारीक फरक त्याला लांबून कळत नाही, पण दोन रंगांची सरळ शीव लगेच खुपते. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात कापडाच्या रंगांचे काम पाहणारे रसायनतज्ज्ञ शेव्ह्रल यांनी 1839 साली या शेजारच्या रंगांच्या परिणामावर मोठा ग्रंथ लिहिला. आमच्या रंगाऱ्यांनी तो वाचला नव्हता. पण त्यांनी कागद चिकटवून कडक रेघ पाडली नाही. फवारा पोच्यापासून दूर नेत विरळ करत गेले आणि दाराच्या वळणरेषेपाशी थांबले. सुकल्यावर नव्या भागाची चकाकी जुन्याइतकीच होईपर्यंत घासली. चकाकणारा रंग गडद दिसतो, हे पुष्कळजण विसरतात आणि उगाच पुन्हा रंग ढवळत बसतात.

एक धोक्याची सूचना. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत आणि अस्तरात शिसे असू शकते. सुका घासू नका. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, मुलांना दूर ठेवा, निघालेला गाळ गोठ्याकडे किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नका. आणि हार्डनर मिसळायचा दोन डब्यांचा रंग घरी फवारूच नका. त्याची वाफ दम्याला बोलावणे धाडते, तोंडावर रुमाल बांधून ती अडत नाही.

दार होऊन आता आठ वर्षे झाली. कोरड्या दिवशी पाहुण्यांना ते सापडत नाही. पावसात गाडी ओली झाली की मात्र बाकीचा निळा खुलून येतो, दाराचा तेवढा खुलत नाही, आणि वीतभर ठिगळ ओसरीवरून मला स्पष्ट दिसते.